मॉरिशस : परदेशी व्यवसायाचा तळ म्हणून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही?

उद्यमनगर

आमचा कोल्हापुरात शेतीपंपांचा छोटा कारखाना आहे. गेली सहा वर्षे आमचा माल केनिया, टांझानिया आणि मादागास्कर येथे जातो. दीड वर्षापूर्वी एका सल्लागाराने आम्हाला सांगितले की मॉरिशसमध्ये कंपनी काढल्यास कर फक्त तीन टक्के लागेल, आफ्रिकेत सीमाशुल्क लागणार नाही आणि सगळे काम पंधरा दिवसांत होईल. त्याच्या शब्दावर विसंबून आम्ही आगाऊ रक्कम भरली. आठ महिने उलटले तरी कंपनीही झाली नाही आणि बँकेत खातेही उघडले गेले नाही. पैसे गेल्याचे वाईट वाटलेच, पण आपण काहीही न वाचता होकार दिला याचे अधिक वाईट वाटले. म्हणून मग स्वतः वाचायला बसलो आणि मार्चमध्ये आठ दिवस तिथे जाऊन आलो. जे समजले ते इथे मांडतो, कारण असे प्रस्ताव घेऊन फिरणारे लोक आता लहान कारखानदारांच्याही दारात येऊ लागले आहेत. जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात.

हा देश सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा आहे आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. जमिनीखाली खनिज नाही, तेल नाही. १९६१ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या वसाहतीचा अहवाल लिहिला तेव्हा वाढती लोकसंख्या आणि एकटा ऊस पाहून त्यांनी भविष्याबद्दल मोठी काळजी व्यक्त केली होती. ती त्या वेळी रास्तच होती. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत, १९७० मध्ये, निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा करून कापड आणि तयार कपड्यांचे कारखाने आणले गेले. युरोपने १९७५ च्या करारानुसार साखरेला हमीचा भाव दिला आणि त्या भावातून साठलेला पैसा साखर कारखान्यांच्या मालकांनी हॉटेलांत आणि कापडात घातला. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट थांबून वाचावीशी वाटते. पुढे मजुरी वाढली तसे त्याच कंपन्यांनी कपड्यांचे काही काम मादागास्करला हलवले. १९८९ मध्ये परदेशी व्यवहारांच्या बँकिंगला परवानगी मिळाली, त्याच वर्षी शेअर बाजार सुरू झाला आणि १९९२ मध्ये परदेशी कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा व मुक्त बंदराची, म्हणजे बेटाचे शुल्क न भरता माल साठवून पुढे पाठवण्याची, योजना आली.

कायद्याची घडण वेगळी आहे. बेट १७१५ पासून फ्रेंचांकडे होते आणि १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकले. मात्र फ्रेंच नागरी कायदा, भाषा आणि रीतिरिवाज त्यांनी तसेच राहू दिले. त्यामुळे करार व मालमत्ता यांचा पाया फ्रेंच संहितेचा आहे, तर कंपनी कायदा आणि न्यायालयाची कार्यपद्धती इंग्रजी वळणाची आहे. शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये आणि घरातले बोलणे क्रिओल या स्थानिक बोलीत, असा तिथला नित्याचा क्रम आहे. आफ्रिकेतील बरेच देश फ्रेंच आणि बरेच इंग्रजी वळणाचे असल्यामुळे दोन्ही भाषांत करार वाचू शकणारा वकील एकाच इमारतीत भेटणे ही लहान सोय नव्हे. मादागास्करच्या खरेदीदाराचे फ्रेंच पत्र आम्ही चार दिवस अनुवादकाकडे ठेवत होतो, तेच पत्र तिथे एका कारकुनाने माझ्यासमोर वाचून दाखवले.

हे सगळे पाहून माझे मत असे झाले आहे की केवळ करासाठी तिथे जाऊ नये. आपले पैसे वेळेवर वसूल व्हावेत, वाद झाल्यास तो निष्पक्षपणे सुटावा आणि डॉलर अडकू नयेत, एवढ्यासाठी जाणाऱ्याला मात्र तिथे बरेच काही मिळते. परकीय चलनावरील निर्बंध तिथे १९९४ मध्येच उठले आहेत. पण आमच्याएवढ्या उद्योगाला हा खर्च परवडतो का, हा माझा प्रश्न आहे.

लेखाजोखा

धागा आवडला. मी पुण्यात सनदी लेखापाल आहे आणि या विषयावर दर महिन्याला कोणीतरी विचारतेच, म्हणून भारताच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मॉरिशस म्हटले की 'करचुकवेगिरी' हाच शब्द का आठवतो, त्याचे मूळ २४ ऑगस्ट १९८२ रोजी झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात आहे. मॉरिशसच्या रहिवाशाने भारतीय कंपनीचे शेअर विकून नफा मिळवला तर त्यावर कर लावण्याचा अधिकार फक्त मॉरिशसचा, असे त्यातील तेराव्या कलमाने ठरवले, आणि मॉरिशस अशा नफ्यावर कर लावतच नव्हते. दहा वर्षे या कलमाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९९२ मध्ये परदेशी संस्थांना आपला शेअर बाजार खुला झाला आणि सगळा ओघ त्या वाटेने सुरू झाला. प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २००० मध्ये परिपत्रक काढून सांगितले की मॉरिशसचे कर-निवास प्रमाणपत्र असले की तेवढे पुरेसे मानावे. दिल्ली उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले, पण ऑक्टोबर २००३ मध्ये आझादी बचाओ आंदोलन या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. त्यानंतर कित्येक वर्षे भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीत हे चिमुकले बेट पहिल्या क्रमांकावर होते. ते पैसे मॉरिशसचे नव्हते, ते तिथून येत होते.

१० मे २०१६ रोजी करारात दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०१७ पासून विकत घेतलेल्या शेअरवरील नफ्यावर भारत कर लावू शकतो. पहिली दोन वर्षे दर निम्मा होता, ती सवलतही मार्च २०१९ मध्ये संपली. ७ मार्च २०२४ रोजी आणखी एका दुरुस्तीवर सह्या झाल्या असून तिच्यात व्यवहाराचा मुख्य हेतू तपासण्याची तरतूद आहे. करसवलत मिळवणे हा मुख्य हेतूंपैकी एक दिसला तर सवलत नाकारता येईल, असा तिचा आशय आहे.

उद्यमनगर, आपला व्यवहार याच्या उलट दिशेचा आहे, म्हणजे पैसा भारतातून बाहेर जाणार. त्याला २२ ऑगस्ट २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागतात. कंपनी किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्था आपल्या निव्वळ मालमत्तेच्या चौपटीपर्यंत आर्थिक बांधिलकी घेऊ शकते. बँकेमार्फत 'फॉर्म एफसी' भरून ओळख क्रमांक घेतल्याशिवाय पैसे पाठवू नयेत आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. व्यक्तिगत नावाने कंपनी काढून तिच्याखाली दुसरी उपकंपनी नियंत्रणात ठेवायची, हा रस्ता आता बंद आहे. आपल्या सल्लागाराने यांपैकी काही सांगितले होते का?

आता तीन टक्क्यांविषयी. मॉरिशसमध्ये कंपनीकर १५ टक्के आहे. परदेशातून मिळणारा लाभांश, व्याज अशा ठरावीक उत्पन्नांच्या ८० टक्के भागाला सूट मिळते आणि म्हणून प्रत्यक्ष दर तीन टक्के पडतो. वस्तूंच्या निर्यातीला वेगळ्या तरतुदीने तीन टक्के दर आहे आणि माल बेटावर न उतरवता एका देशातून घेऊन दुसऱ्या देशात विकला तरी तो लागू होतो. म्हणजे आकडा खोटा नव्हता. पण कोल्हापूरचा पंप मॉरिशसच्या आपल्याच कंपनीला दहा हजारांना आणि तिने केनियाला पंधरा हजारांना विकला, तर ते मधले पाच हजार कोणत्या कामाचे, हे आपल्या आयकर अधिकाऱ्याला पटवावे लागेल. संबंधित कंपन्यांमधील किमतीचे नियम परदेशी व्यवहाराला पहिल्या रुपयापासून लागू आहेत. कंपनीची खरी व्यवस्था कोल्हापुरातून चालत असेल तर तिला भारताचीच रहिवासी मानण्याचा नियमही आहे. मात्र वर्षाला ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या परदेशी कंपन्यांना तो लागू नाही, असे मंडळाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तेवढा दिलासा आपल्याला मिळेल.

वेलदूर

थोडे अवांतर वाटेल, पण मॉरिशसचा रस्ता महाराष्ट्राने आधी पाहिला आहे. आमच्या गुहागर तालुक्यात दाभोळचा वीजप्रकल्प उभा राहिला तेव्हा एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल ही नावे सर्वांच्या तोंडी होती. प्रत्यक्षात कागदोपत्री त्यांचे हिस्से मॉरिशसमध्ये नोंदवलेल्या कंपन्यांकडे होते. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने बिले थांबवली आणि प्रकल्प बंद पडला. अमेरिका आणि भारत यांच्यात गुंतवणूक संरक्षणाचा करार नव्हता, भारत आणि मॉरिशस यांच्यात मात्र १९९८ मध्ये तसा करार झाला होता. त्यामुळे अमेरिकी कंपन्यांनी आपल्या मॉरिशसच्या कंपन्यांमार्फत भारतावर लवादाचे दावे लावले आणि २००५ मध्ये तडजोड झाली.

आम्ही तेव्हा शाळेत होतो. खाडीकडे जाताना त्या बंद प्रकल्पाची धुराडी दिसत आणि घरात चर्चा फक्त युनिटच्या दराची असे. त्या भांडणात आपल्या बाजूने कोण बसले आहे आणि समोरच्याने कोणत्या देशाचा पासपोर्ट पुढे केला आहे, हे कोणी सांगितले नाही. भारताने तो गुंतवणूक करार २०१७ मध्ये संपुष्टात आणला. ज्यांना या बेटाचे महत्त्व समजून घ्यायचे आहे त्यांनी कराच्या बरोबरीने हा पैलूही पाहावा.

मोकावासी

नमस्कार. मी अकरा वर्षे मॉरिशसमध्ये राहतो आणि एबेनच्या एका व्यवस्थापन कंपनीत, म्हणजे परदेशी लोकांच्या इथल्या कंपन्यांचे कामकाज सांभाळणाऱ्या कंपनीत, काम करतो. एबेन म्हणजे उसाच्या शेतात उभारलेली कार्यालयांची नगरी. तिच्या सुरुवातीच्या उभारणीला भारताने कर्ज दिले होते. उद्यमनगर, आपण ज्या इमारतींत फिरलात त्यांच्या मागे अजूनही ऊस उभा आहे.

आपल्याला सांगितलेले पंधरा दिवस नुसत्या कंपनी नोंदणीसाठी खरे असू शकतात. नोंदणीला तर तेवढेही लागत नाहीत. वेळ लागतो तो वित्तीय सेवा आयोगाच्या परवान्याला आणि त्याहून अधिक बँक खात्याला. जागतिक व्यवसायाचा, म्हणजे परदेशी मालकीच्या आणि मुख्यतः बेटाबाहेर व्यवहार करणाऱ्या कंपनीचा, परवाना हवा असेल तर निदान दोन संचालक इथले रहिवासी आणि स्वतंत्रपणे विचार करू शकणारे असावे लागतात, मुख्य बँक खाते इथे लागते, हिशेबाच्या वह्या इथल्या कार्यालयात ठेवाव्या लागतात, लेखापरीक्षण इथे व्हावे लागते आणि मिळकत निर्माण करणारे मुख्य काम इथे होत असल्याचे दाखवावे लागते. पूर्वी परवान्याचे दोन वर्ग होते. दुसऱ्या वर्गात यातले बरेचसे लागत नसे. १ जानेवारी २०१९ पासून नवे नियम आले आणि जुन्या परवान्यांना जून २०२१ पर्यंतची मुदत मिळाली.

काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कृतिदलाने फेब्रुवारी २०२० मध्ये मॉरिशसला करड्या यादीत, म्हणजे जादा देखरेखीखालील देशांत, टाकले, त्यापाठोपाठ युरोपीय संघानेही जोखमीच्या देशांत नाव घातले. ऑक्टोबर २०२१ मध्ये करड्या यादीतून सुटका झाली. ते वीस महिने आम्ही काय अनुभवले ते शब्दांत सांगणे अवघड आहे. दहा-दहा वर्षे जुन्या फाइली काढून प्रत्येक मालकाचे, प्रत्येक लाभार्थ्याचे कागद नव्याने मागवले. त्यामुळे आज बँका इतक्या चोखंदळ झाल्या आहेत.

एक उदाहरण देतो. महाराष्ट्रातील एका भागीदाराने पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचे बिल दिले. बिल मराठीत होते आणि ग्राहकाच्या नावाच्या जागी त्यांच्या दिवंगत आजोबांचे नाव होते, कारण घराच्या वाटण्या झाल्या तरी मीटर कोणी नावावर करून घेतला नव्हता. आपल्याकडे ही घरोघरची गोष्ट आहे, पण इथल्या तपासनिसाला पासपोर्टवरचा माणूस आणि बिलावरचा माणूस वेगळे दिसतात. फाइल परत आली. मग बँकेचे तीन महिन्यांच्या आतले खातेपत्रक, त्यावर नोटरी, आणि पैसा कुठून आला हे दाखवण्यासाठी तीन वर्षांची विवरणपत्रे, अशी पुन्हा जुळणी करावी लागली. त्यात सात आठवडे गेले. आपला सल्लागार अप्रामाणिक होता की नुसता अननुभवी, हे मला सांगता येणार नाही. पण आपल्या फाइलचेही बहुधा असेच काहीतरी झाले असावे.

समन्यायी

वरील माहिती मोलाची आहे, परंतु ज्या देशांत आपण माल विकणार त्यांच्या बाजूनेही कोणी बोलायला हवे. आफ्रिकेतील एखाद्या देशात खाण किंवा दूरसंचार कंपनी नफा कमावते आणि मॉरिशससोबतच्या करारामुळे लाभांश, व्याज व सल्लाशुल्क यांवरील कर त्या देशाला अत्यल्प मिळतो किंवा मिळतच नाही. ज्या देशात दवाखान्यात औषध नाही त्या देशाच्या तिजोरीतून हा पैसा कमी होतो. सेनेगलने आपला करार रद्द केला, झांबियानेही २०२० मध्ये तोच निर्णय घेतला आणि केनियाच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मॉरिशससोबतचा करार अवैध ठरवला. त्याच वर्षी शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मॉरिशसमधील एका विधी कार्यालयाची कागदपत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा हे व्यवहार सर्वांसमोर आले. आपल्यालाही १९८२ च्या कराराने तेच भोगायला लावले होते. आपला माणूस तिकडे जाऊन तेच करणार असेल तर ते मला योग्य वाटत नाही.

मोकावासी

समन्यायी, आपला आक्षेप मी टाळणार नाही. इथल्या जागतिक व्यवसायाचा मोठा भाग खरोखरच करारांतील फरकांवर उभा राहिला होता आणि ते तसे होते, असे आमच्या कार्यालयातील ज्येष्ठही मान्य करतात. मात्र सगळे तेवढेच नाही. मोझांबिकमधील शीतगृह असो वा मादागास्करमधील सूतगिरणी, अनेक लहान गुंतवणूकदारांनी पैसे एकत्र करून निधी उभारायचा तर तो कुठेतरी नोंदवावा लागतो, भांडण झाल्यास कोणीतरी निवाडा करावा लागतो. त्यासाठी २००८ मध्ये इथे आंतरराष्ट्रीय लवाद कायदा झाला. हे काम लंडनला केले तर कितीतरी जास्त खर्च येतो. करार बदलले आणि कर जिथे मिळकत होते तिथे भरला गेला तरीही हे काम उरते, आणि तेच उरावे असे मला मनापासून वाटते.

लेखाजोखा

एक मुद्दा राहून गेला, आणि उद्यमनगर यांच्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. 'आफ्रिकेत सीमाशुल्क लागणार नाही' हे विधान त्यांच्या मालाबाबत चुकीचे आहे. मॉरिशस कोमेसा आणि सादक या दोन्ही व्यापारगटांत आहे हे खरे, पण सवलत मॉरिशसमध्ये तयार झालेल्या मालाला आहे. कोमेसाच्या नियमानुसार, उदाहरणार्थ, किमान ३५ टक्के मूल्यवर्धन दाखवावे लागते. कोल्हापुरातून तयार पंप आणून राजधानी पोर्ट लुईच्या गोदामात खोक्यावर नवे लेबल लावले तर तो भारतीय पंपच राहतो. शिवाय टांझानिया कोमेसामध्ये नाही, ती सादकमध्ये आहे, आणि केनिया कोमेसामध्ये आहे पण सादकमध्ये नाही. म्हणजे दोन्हीकडचे नियम स्वतंत्रपणे पाळावे लागतील. भारत आणि मॉरिशस यांच्यात १ एप्रिल २०२१ पासून आर्थिक भागीदारीचा करार लागू झाला असून त्यात भारताच्या ३१० आणि मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना सवलती आहेत. आफ्रिकी देशाशी भारताने केलेला हा अशा प्रकारचा पहिलाच करार आहे. तो मॉरिशसच्या बाजारापुरता आहे, पुढच्या देशापुरता नाही.

उद्यमनगर

सर्वांचे आभार. माझे बरेच गैरसमज दूर झाले. विजेच्या बिलाची गोष्ट वाचून मी आमचे बिल काढून पाहिले. त्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. उद्याच अर्ज देतो.

समन्यायी यांनी मांडलेले मला पटते. आम्ही केनियातील विक्रीवर केनियात जो कर असेल तो भरतच आहोत आणि तो चुकवण्याचा आमचा विचार नव्हता. तरी तीन टक्के ऐकून मन चळले होते, हेही खरे आहे.

घरी बसून आकडेमोड केली. दोन रहिवासी संचालक, लेखापरीक्षण, परवाना आणि व्यवस्थापन यांचा वर्षाचा खर्च आमच्या आजच्या निर्यातीच्या नफ्याचा मोठा हिस्सा खाऊन टाकेल. त्यामुळे कंपनी काढण्याचा विचार आम्ही सध्या बाजूला ठेवला आहे. पण एक गरज शिल्लक राहते. मादागास्करमधील भातशेतीच्या हंगामात पंपाचा इम्पेलर किंवा मेकॅनिकल सील गेला तर सुटा भाग कोल्हापूरहून पोहोचायला पाच-सहा आठवडे लागतात आणि तोवर शेतकऱ्याचे पाणी थांबते. मागील हंगामात एका गावातील अकरा पंप अडीचशे रुपयांच्या सीलसाठी बंद होते. त्यांचे फोटो आमच्या वितरकाने पाठवले, ते मला अजून विसरता येत नाहीत. मुक्त बंदरातील एखाद्या परवानाधारक गोदामात आपली कंपनी न काढता फक्त सुटे भाग ठेवता येतील का? माल आमच्याच नावावर राहील आणि मागणी आली की तिथून जहाजाने किंवा विमानाने पुढे जाईल, एवढेच अपेक्षित आहे.

मोकावासी

ठेवता येतील. मुक्त बंदरात इतरांच्या मालाची साठवण करणारे परवानाधारक आहेत आणि परदेशी मालकाचा माल बेटाचे शुल्क न भरता तिथे राहतो, पुढे जाताना फक्त पुनर्निर्यातीची कागदपत्रे होतात. आपण सर्व सुट्या भागांची यादी सीमाशुल्क वर्गीकरणाच्या क्रमांकांसह तयार करावी, प्रत्येकाचे वजन आणि गेल्या तीन हंगामांतील खप लिहावा. खप न पाहता माल भरला तर गोदामाचे भाडे सीलच्या किमतीपेक्षा जास्त होते.

लेखाजोखा

माल परदेशातील गोदामात आपल्या नावावर ठेवणार असाल तर आपल्या बँकेला आधी विचारा. निर्यातीचे पैसे ठरावीक मुदतीत भारतात यावे लागतात आणि न विकलेल्या साठ्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पहिली खेप लहान ठेवा.

मोकावासी

अगदी बरोबर. आणि पुन्हा येणार असाल तर तारखा ठरवताना एक लक्षात ठेवा : गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी इथे साधारणतः चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, त्या दिवशी बँक आणि सीमाशुल्क कार्यालय उघडे मिळणार नाही. आदल्या दिवशी या, चतुर्थीला आमच्याकडे जेवायला थांबा, आणि गोदामाची भेट सुट्टीनंतरच्या दिवशी सकाळी नऊची घेऊ.